घोडा आपला, ट्रॉली कुणाची?

मनुष्याने वस्तू विकत घ्यावी की भाड्याने वापरावी, हा प्रश्न व्यवहाराइतकाच पुरातन असला आणि त्यावर सावकारापासून संसारी गृहिणीपर्यंत प्रत्येकाचे मत ठरलेले असले, तरी जी वस्तू मुळात अस्तित्वातच नाही, जिची चाके संगणकाच्या पडद्याबाहेर तसूभरही फिरणार नाहीत, तिच्या खरेदीविषयी लातूरच्या एका वसतिगृहात रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर तावातावाने वाद चालावा, आणि त्या वादात कर्ज, घसारा, दुरुस्ती, भाडे हे शब्द एखाद्या जुन्या पेढीवर निघावेत तितक्या सहजतेने निघावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटणे स्वाभाविक आहे. मलाही ती तशीच वाटली. परंतु वाद ऐकत बसल्यावर हळूहळू ध्यानात येऊ लागले की, ही पोरे खेळाच्या मिषाने ज्या हिशेबाशी झटत आहेत, तो हिशेब मराठवाड्यातील गाडीवानाला, ऊसतोड्याला आणि मोटारमालकाला पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला नाही.

खेळाचे नाव 'यूरो ट्रक सिम्युलेटर २'. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या, १९९७ साली स्थापन झालेल्या कंपनीने तो ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आणला. त्यात मारामारी नाही, शत्रू नाही, जिंकणे-हरणेही नाही. युरोपच्या नकाशावर एका शहरातला माल दुसऱ्या शहरी नीट पोहोचवावा, वाटेत डिझेल भरावे, झोप अनावर झाली तर गाडी बाजूला लावून विश्रांती घ्यावी, वेगमर्यादा ओलांडल्यास दंड सोसावा, एवढाच त्याचा विषय. आणि एवढ्या नीरस विषयावर जगभरची माणसे वर्षानुवर्षे लुब्ध राहावीत, हे श्रमाच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानावे की श्रमापासून दुरावल्याचे, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवतो. खेळणारा प्रारंभी दुसऱ्याच्या ट्रकवर चाकरी करतो. पुढे बँकेचे कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतो, गॅरेज वाढवतो, चालक नेमतो. मागे जोडायचा ट्रेलर मात्र प्रारंभीची काही वर्षे माल पाठवणाऱ्या कंपनीचाच असे. तो विकत घेण्याची मुभा खेळात आली ती २०१८ साली, आणि तेव्हापासून भाडे मिळवण्याचे तीन मार्ग झाले. पहिल्यात ट्रकही परका आणि ट्रेलरही परका. डिझेल-टोलचा भार मालकावर, आपल्या पदरी केवळ मजुरी. दुसऱ्यात ट्रक आपला, ट्रेलर कंपनीचा. तिसऱ्यात दोन्ही आपले.

ही त्रिविध रचना ऐकताच मला जे आठवले ते युरोपातले नव्हते. दिवाळी सरली की मुखेड, कंधार, लोहा या तालुक्यांतली आणि बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांची वाट धरतात. त्यांतही असेच तीन थर आहेत. सर्वांत खाली ज्याच्यापाशी कोयत्यावाचून काही नाही असे जोडपे; त्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात, आणि ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून दुसऱ्याच्या ट्रकमध्ये भरणे हे त्यांचे काम. मधला थर टायरगाडीवाल्यांचा. येथे बैलजोडी मजुराची, बहुधा उचलीच्या पैशांतून घेतलेली, आणि रबरी चाकांची लोखंडी गाडी कारखान्याची, जिचे भाडे त्याच्या मजुरीतून वळते होते. वरच्या थरात ट्रॅक्टरवाला, ज्याचा ट्रॅक्टरही स्वतःचा आणि त्यामागे जोडलेल्या दोन ट्रॉल्याही स्वतःच्या, आणि ज्याने कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करून मुकादमाला स्वतःच्या जबाबदारीवर पैसे दिलेले असतात.

या मधल्या थराकडे जरा निरखून पाहिले पाहिजे, कारण खेळातील दुसरा मार्ग हुबेहूब तोच आहे. ओढणारी शक्ती ज्याची, त्याच्या डोक्यावर त्या शक्तीचा सगळा खर्च: वैरण त्याची, पेंड त्याची, नालबंदी त्याची, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर एक बैल लंगडला तर दुसरा उभा करण्याची विवंचनाही त्याचीच. ज्यावर माल लादला जातो ते साधन मात्र कारखान्याच्या मालकीचे राहते, आणि म्हणून कोणत्या गावच्या फडावर जायचे, किती ओझे लादायचे, काट्यावर किती ताटकळायचे, हे ठरवण्याचा अधिकारही कारखान्याकडेच राहतो. यात अन्याय आहे हे खरे. पण निव्वळ अन्याय नाही. हंगाम संपला की टायरगाडी कारखान्याच्या आवारात लावून मजूर मोकळा होतो. पावसाळाभर ती गंजो अथवा मोडो, त्याचे सोयरसुतक त्याला नसते. ट्रॅक्टरवाल्याच्या दोन ट्रॉल्या त्याच काळात त्याच्या दारात उभ्या असतात आणि वित्तसंस्थेचा हप्ता काही ऊस वाढेपर्यंत थांबत नाही. कोणी मग त्यांतून विटा वाहतो, कोणी मुरूम, कोणी लग्नसराईत मंडपाचे सामान. परंतु सहा महिन्यांच्या कामासाठी बारा महिन्यांचे कर्ज ही विषमता त्याने भरून निघत नाही. तशात मुकादम उचल घेऊन परागंदा झाला तर ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि करार हे सर्व जागच्या जागी असूनही हंगाम बुडतो. ही फसवणूक या भागात इतकी परिचित आहे की, तिची हकीकत सांगणाऱ्याला कोणी नवल म्हणून विचारीतही नाही.

वसतिगृहातील वादाचा नायक लोहा तालुक्यातला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातुरास राहिलेला, बोलण्यात चलाख आणि हिशेबात पक्का. त्याचे मामा नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूस राहतात आणि स्वतःची गाडी स्वतः हाकतात. घोडा, म्हणजे ओढणारा ट्रक, आणि ट्रॉली, म्हणजे मागचा ट्रेलर, दोन्ही त्यांच्या नावावर. हैदराबादच्या बाजूने लोखंड किंवा सिमेंट आणावे, इकडून सोयाबीनची पेंड नाहीतर डाळ न्यावी, असा त्यांचा क्रम. सुट्टीत भाच्याने खेळातला ट्रेलर घेण्याचा बेत त्यांच्यापुढे मांडला. पडद्यावरील रंगीबेरंगी ट्रेलर, त्यांचे कण्यांचे प्रकार, बाजूचे पडदे, शीतगृहाच्या पेट्या, हे सर्व मामांनी शांतपणे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "ते सगळं खरं, पण येताना गाडी भरून यायली का रिकामी, ते सांग आधी."

भाच्याने उत्तर दिले, "मामा, यात परत यावंच लागत नाही. जिथं माल उतरला, तिथूनच पुढचं भाडं उचलायचं."

"मग घे की," मामा म्हणाले. "घरी परत यायचं नसंल तर कुणीबी ट्रेलर घेतंय."

मामांच्या या उत्तरात विनोदाचा अंश किती आणि विषादाचा किती, हे त्यांच्या मुद्रेवरून समजत नव्हते. मात्र मालवाहतुकीच्या अर्थशास्त्राचे मर्म त्यात पुरते सामावले होते. जातानाचे भाडे सर्वांनाच मिळते. गाडीमालक तरतो किंवा बुडतो तो परतीच्या भाड्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक ऐन भरात असते, अर्धापूर भागातली केळी उत्तरेकडे जात असतात, गाड्यांना मागणी असते आणि ट्रान्सपोर्टवाला फोनवर फोन करतो. पण जिथे माल उतरतो तिथून मराठवाड्याकडे येणारा माल त्या मानाने थोडा, गाड्या पुष्कळ, आणि म्हणून परतीचा भाव डिझेल निघेल न निघेल इतका खाली येतो. अशा वेळी दोन-दोन दिवस रिकामे थांबून भाड्याची वाट पाहावी की रिकामी गाडी घेऊन निघावे, हा निर्णय ढाब्यावरच्या बाजेवर पडल्यापडल्या घ्यावा लागतो. ज्याच्या मागे स्वतःची ट्रॉली आहे त्याला ती रिकामी ओढत आणावी लागते, तिच्या टायरांची झीज सोसावी लागते आणि टोलनाक्यावर कण्यांच्या संख्येप्रमाणे पैसे मोजावे लागतात.

खेळ रचणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नाही असे मात्र म्हणता येणार नाही. खेळात आपण जे चालक पगारावर नेमतो, त्यांच्या फेऱ्यांची नोंद एका वहीत होत असते, आणि नवशिक्या चालकाच्या नोंदी चाळल्या तर जातानाच्या भाड्यापुढे परतीच्या रकान्यात कमाई नाही असे पुनःपुन्हा आढळते. म्हणजे रिकाम्या परतीचे दुःख खेळात आहे. ते नोकरांच्या वाट्याला ठेवले आहे. मालक स्वतः निरंतर पुढे पुढे जात राहतो, आज लियाँ तर उद्या मिलान, आणि त्याला घर म्हणून जे गॅरेज असते तिथे त्याची वाट पाहणारे कोणी नसते. मला वाटते, त्या खेळाची सारी मोहिनी यातच आहे.

खेळ आणि वास्तव यांतला दुसरा भेद काळाचा. शहरांबाहेरचे रस्ते खेळात १:१९ या प्रमाणाने आखलेले आहेत. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, जो सुमारे १४० किलोमीटरांचा प्रवास घडवतो, त्या मापाने सात-साडेसात किलोमीटरांत आटोपला असता. अंतर असे आटवता येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण खेळात माल भरणे आणि उतरवणे हेही क्षणार्धात होते, आणि येथे खरा मालक-चालक अविश्वासाने मान हलवतो. मी मामांबरोबर एका तेलगिरणीबाहेरच्या रांगेत बसलो होतो. पुढे गाड्याच गाड्या. नमुना पास व्हायचा, मग काटा, मग हमालांची पाळी, मग पुन्हा रिकाम्या गाडीचा काटा. त्या वेळात मामांनी ट्रॉली आणि घोडा यांच्यामधल्या फटीत शिरून आपले रोजचे काम उरकले: घोड्याच्या पाठीवरील जाड लोखंडी तबकडीवर, जिच्या खाचेत ट्रॉलीची खुंटी अडकते, त्यांनी बोटांनी जुने काळे ग्रीस खरवडून काढले, त्यात वाळूचे कण लागतात का ते अंगठ्याने चोळून पाहिले आणि नवे ग्रीस थापले, हवेच्या दोन नळ्या, एक लाल आणि एक पिवळी, जोडाशी कानाजवळ धरून फुसफुस ऐकली, आणि ताडपत्रीचा एक कोपरा, जो वाऱ्याने फाटत चालला होता, तो सुतळीने आणि दाभणाने शिवला. त्या रांगेचे पैसे कोणी देत नाही. खोळंब्याचे भाडे कागदावर ठरलेले असले तरी ते मागणाऱ्याला पुढचे भाडे देताना ट्रान्सपोर्टवाल्याचा हात आखडतो, म्हणून बहुतेक मालक ते मागतच नाहीत.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात या मागच्या अर्धट्रेलराची व्याख्या आहे, आणि कायद्याच्या रूक्ष भाषेला क्वचितच साधणारी नेमकेपणाची शोभा तिला आहे: स्वतःच्या यंत्राने न चालणारे, ज्याचा एक भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याच्या भाराचा काही अंश ते वाहन वाहते, असे वाहन. मालकीचेही काहीसे तसेच असते.

लातूरच्या बाबतीत भाराच्या वाटणीचा हा विचार अगदी मुळापासून आहे, हे आज फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि अडीच फूट रुंदीचा तिचा रूळ १९११ साली लातुरास पोहोचला. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजी अमलात. हद्दीवर करोडगिरीचे नाके. कॅल्थ्रॉपचा सिद्धान्त असा की, हलक्या रुळावरून अधिकाधिक माल न्यायचा तर इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक कण्यावर सारखाच, पाच टनांचा भार पडावा. एकाने वाजवीहून जास्त ओझे घेतले की सगळा रूळच महाग होतो. या अरुंद, नम्र रुळाने लातूरच्या व्यापाराचा विस्तार केला, १९१७ साली बांधल्या गेलेल्या गंजगोलाईच्या भोवती सोळा रस्ते आणि त्यांवरच्या पेढ्या उभ्या राहिल्या, आणि १९५४ साली ही खाजगी रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. रूळ आणि वाघिणी दोन्ही एकाच मालकाच्या असल्यावर भार कसा वाटावा याचा इतका काटेकोर विचार करता येतो. रस्ता सरकारचा, ट्रक फायनान्सचा आणि माल आडत्याचा असला की प्रत्येकाला दुसऱ्याच्या कण्यावर थोडे अधिक लादावेसे वाटते.

खेळात ट्रेलरची मालकी आली त्याच २०१८ च्या जुलैत, १६ तारखेस, केंद्र सरकारने कण्यांवरच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या. दहाचाकी गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले, सर्वांत मोठ्या जोडगाडीचे ४९ वरून ५५ वर. चारच दिवसांनी, २० जुलैला, डिझेल, टोल आणि विम्याचा हप्ता यांवरून देशभरच्या मोटारमालकांनी गाड्या उभ्या केल्या. मर्यादा वाढली याचा आनंद ज्याच्यापाशी नवी गाडी घेण्याची ऐपत होती त्याला झाला. मामांसारख्याने विचार केला तो असा की, मोंढ्यातला माल तर तेवढाच राहणार. एका गाडीत तो जास्त मावू लागला तर दुसऱ्या गाडीचे भाडे कुठून यायचे?

आता प्रत्यक्ष सल्ल्याकडे वळावे, कारण पोरांना तत्त्वज्ञान नको होते, उत्तर हवे होते. माझ्या मते खेळात ट्रेलर घ्यावा. परंतु पैसा वाढेल या आशेने घेऊ नये. स्वतःच्या ट्रेलरवरच्या भाड्याने डोळे दिपावेत असा लाभ होत नाही, दुरुस्ती मात्र आपल्या माथी येते, आणि कंपनीचा ट्रेलर ओढायचा झाला तर आपला आधी कुठेतरी सोडावा लागतो. तेच भांडवल दुसऱ्या ट्रकमध्ये किंवा गॅरेजमध्ये घातले तर ते लवकर फळते. म्हणून पहिला ट्रक फिटल्यावाचून आणि दोन-चार चालक कमावते झाल्यावाचून त्या वाटेस जाऊच नये. घ्यायचाच तर पहिला ट्रेलर साधा, बाजूला पडदे असलेला घ्यावा, कारण नाना तऱ्हेचा माल त्यात चालतो. टाकीचा, गुरांचा, अवजड यंत्रांचा ट्रेलर दिसायला ऐटदार. पण त्याला साजेसा माल मिळेल तेथेच तो उपयोगी, एरवी तो मालकालाच इकडून तिकडे हिंडवतो.

विशिष्ट कामाची वस्तू विकत न घेता मागून आणणे हेच शहाणपणाचे, याचा दाखला लातूरकरांना बाहेर शोधायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराचे पाणी आटले तेव्हा १२ एप्रिलला मिरजेहून ३४२ किलोमीटरांवरून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन, स्वच्छ करून पाठवलेल्या होत्या. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पावसाळा लागला आणि वाघिणी आपल्या मूळ कामावर परत गेल्या. त्या उन्हाळ्यात कोणी लातूर महानगरपालिकेला पाण्याच्या वाघिणी विकत घ्या म्हणून सुचवले असते तर त्याला वेड्यात काढले असते, आणि ते रास्तच झाले असते. तथापि टंचाईच्या काळात आपल्या दारात आलेली वस्तू आपली नाही, ती कोणाच्या तरी मर्जीने आली आणि मर्जीने जाणार, ही बोच पाण्याच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या राहिलेल्यांच्या मनातून गेली नाही. ट्रेलर घेण्याच्या हट्टाच्या मुळाशी नफ्यापेक्षा हीच बोच अधिक असते, असे मला मामांच्या गोष्टी ऐकताना अनेकदा जाणवले. ट्रॉली परक्याची होती तेव्हा तिच्यावर काय लादले जाईल हे त्यांना नाक्यावर पोहोचल्यावर समजे. आता ते नाही म्हणू शकतात. या एका 'नाही'ची किंमत ते दरमहा हप्त्याने फेडतात आणि ती वाजवी मानतात.

भाच्याने शेवटी ट्रेलर घेतला. निळ्या पडद्यांचा, तीन कण्यांचा. त्याचा हिशेब त्याने मामांना दाखवला आणि मामांनी तो, मनात काहीही असो, मन लावून पाहिला. आता त्याच्या डोक्यात जोडट्रेलर घोळतो आहे, एकामागे एक असे दोन, जे खेळातल्या स्वीडन-फिनलंडसारख्या थोड्या देशांत चालतात आणि हद्द ओलांडली की निषिद्ध ठरतात. इकडे खऱ्या महामार्गावर गाळपाच्या हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागचा दिवा नसलेले, मोळ्या दोन्ही अंगांना बाहेर आलेले, असे चालतात. त्यांच्यामागे ब्रेक दाबण्याचा प्रसंग मामांवर दर वर्षी येतो, आणि त्याविषयी त्यांच्या तोंडून निघणारे शब्द या अंकात छापण्याजोगे नाहीत. जोडट्रेलराबाबत त्यांचे मत विचारण्याचे धाडस भाच्याने अद्याप केलेले नाही.